लांबणारा पंजा: सांगाडा चालला, आता कातडं

सिनेमातल्यासारखा लांबणारा पंजा घरी बनवतोय, त्याचा आतला सांगाडा मनासारखा चालायला लागलाय. कातडं अजून वाळतंय, तरी इथवरचं सांगून टाकतो.

नव्या मंडळींसाठी: 'अ‍ॅन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन' (१९८१) मध्ये तरुणाचा लांडगा होताना त्याचा तळहात डोळ्यांदेखत ताणत जातो, तो प्रसंग मी घरी करतोय. मेकअप करणाऱ्या रिक बेकरला याच कामासाठी उत्कृष्ट मेकअपचं पहिलं ऑस्कर मिळालं. दिग्दर्शक जॉन लँडिसला हा बदल लख्ख उजेडात हवा होता, म्हणजे अंधारात काही खपवायची सोय नाही. मीही चाचण्या ट्यूबलाइटखालीच घेतोय. सगळे सांधे दिसतात, बघवत नाही.

तळहाताचे दोन भाग ड्रॉवरच्या छोट्या चॅनलवर बसवलेत. मनगटाकडचा पक्का, बोटांकडचा सरकता. आत १० मिलीची सिरिंज, टेबलाखाली २० मिलीची, मध्ये सलाईनची नळी. २० ची अर्धी दाबली की १० ची पूर्ण बाहेर येते. जोर जास्त लागतो, पण चालतंय. नळीत हवा मात्र अजिबात नको. हवा दबते, त्यामुळे पंजा आधी ढिम्म हलत नाही आणि मग एकदम उसळी मारतो. दोन्ही सिरिंज बादलीत बुडवून पाण्याखालीच जोडा. बोटांना सायकलची ब्रेक वायर, आउटरसकट.

सर्वो मोटर (हवी तितकीच फिरवता येणारी छोटी मोटर) का नाही, असं बरेच जण विचारतात. लावून पाहिली. पंजा लिफ्टच्या दारासारखा गुळगुळीत सरकतो, आणि तिथंच भीती संपते. सिरिंजवर माणसाचा अंगठा असला की तो मध्येच अडतो, जोर लावतो, जरा सैल पडतो, पुन्हा दाबतो. ते अडणं म्हणजेच वेदना. भाचा दाबतो तेव्हा तर हाड निसटल्यासारखंच वाटतं. त्याच्या अंगठ्यात अभिनेता आहे, माझ्या नाही. प्रोग्रॅम लिहून असं अडखळणं आणता येईलही, पण इतका खटाटोप कशाला?

कातडं लेटेक्सचं (पातळ रबर), प्लास्टरच्या साच्यात थरावर थर. बोटांच्या पेरांवर जाड, तळहाताच्या मधोमध पातळ ठेवलंय, म्हणजे ताण नेमका तिथंच पडेल. रंग लेटेक्समध्येच कालवा; वरून मारलेला अ‍ॅक्रिलिक ताणल्यावर तडकतो. लेटेक्सऐवजी प्लॅटिनम सिलिकॉन (प्लॅटिनममुळे घट्ट होणारं सिलिकॉन) वापरणाऱ्यांनी गंधक असलेली प्लास्टिसिन (आकार घडवायची माती) टाळावी, सिलिकॉन चिकटच राहतं. लेटेक्स लागलेला साचाही त्याला चालत नाही.

पुढचं काम केसांचं. सिनेमात केस उगवताना दिसतात, ते खरं तर खोट्या कातड्यातून आत ओढलेत आणि चित्रीकरण उलटं चालवलंय. त्यासाठी कातड्याचा वेगळा सपाट तुकडा ओततोय. विगचे नायलॉन केस कुणी लेटेक्समधून ओढून पाहिलेत का? जाड घ्यावेत की बारीक, आणि पावडर लावली तर सुटे सरकतात का, ते कळवा.