मुंबईत जन्मलेला मालक आणि डॉर्सेटचा कैदी

काळं पाणी म्हटलं की आपल्याला अंदमान आठवतं, सेल्युलर जेल, कोठड्या, कोलू. पण त्याच ब्रिटिशांनी स्वतःचे जे कैदी १७८८ ते १८६८ या काळात ऑस्ट्रेलियात पाठवले, एक लाख साठ हजारांवर माणसं, त्यातल्या बहुतेकांनी शिक्षा भोगली ती कुणाच्यातरी शेतावर, मेंढवाड्यात नाहीतर स्वयंपाकघरात. जहाज सिडनीला लागलं की कारकून येऊन नाव, वय, उंची, धंदा, अंगावरचं गोंदण सगळं लिहून घ्यायचे आणि मग ज्यांनी अर्ज केलेत त्या जमीनदारांना माणसं वाटून टाकायचे. मालकाने खायला-ल्यायला द्यायचं, झोपायला छप्पर द्यायचं, पगार शून्य. आपल्याकडच्या सालगड्यासारखंच की, फक्त साल संपत नाही आणि मालक बदलायची सोय नाही.

म्हणजे इंग्लंडातला जज्ज सात वर्षं म्हणाला तर ती सात वर्षं कशी जाणार हे जज्जच्या हातात नव्हतंच, सगळं मालक कोण मिळतो यावर.

हे कळायला मला एकच माणूस पुरला, जेम्स ब्राइन. इंग्लंडमधल्या डॉर्सेट परगण्यातल्या टॉलपडल गावचा शेतमजूर, विशीतला पोरगा. मजुरी सारखी कमी करत होते म्हणून गावातल्या सहा जणांनी संघटना काढली, आणि संघटना काढणं तेव्हा गुन्हा नव्हता म्हणून गुप्त शपथ घेतली हा गुन्हा लावून १८३४ मध्ये सहाही जणांना सात वर्षांसाठी पाठवून दिलं. ब्राइनला हंटर नदीच्या खोऱ्यातल्या ग्लेंडन नावाच्या इस्टेटीवर रॉबर्ट स्कॉटकडे नेमलं. एकटाच चालत निघाला, बरोबर सरकारने दिलेले नवे कपडे, बूट, अंथरूण. वाटेत झोपला आणि लुटारूंनी अंगावरच्या जुन्या कपड्यांशिवाय सगळं नेलं. मालकाला सांगितलं तर मालक म्हणे खोटं बोलतोस, आणि पुढचे कपडे सहा महिन्यांनी, तेव्हाच मिळतील. मग कामाला जुंपला, कुंपणाचे खांब रोवायला खड्डे खणायचं काम, अनवाणी. पाय इतके फाटले की फावड्यावर पाय ठेववेना तर याने लोखंडी पट्टीचा एक तुकडा शोधला आणि तो पायाला बांधून खणत राहिला. रात्री उघड्या जमिनीवर झोप. त्यानंतर सतरा दिवस छातीभर पाण्यात उभं राहून मेंढ्या धुतल्या, सर्दीने बेजार झाला, अंगावर घ्यायला घोड्याची झूल का होईना द्या म्हणाला तर तीही नाही. वर हे ऐकवलं की तुम्ही लोक तिकडे आम्हा मालक लोकांना जाळायला-मारायला निघाला होतात ना. हे सगळं ब्राइनने परत गेल्यावर स्वतः सांगितलंय.

आता हा रॉबर्ट स्कॉट कोण? तर मुंबईत जन्मलेला! मी दोनदा वाचलं. त्याचे वडील डॉ. हेलेनस स्कॉट ईस्ट इंडिया कंपनीचे मुंबईतले डॉक्टर, १८०२ मध्ये मुंबईत देवीची लस पहिल्यांदा टोचली गेली तेव्हाचे. म्हातारपणी दोन पोरांना घेऊन ऑस्ट्रेलियाला निघाले आणि १८२१ मध्ये वाटेतच समुद्रावर वारले. पोरांनी पुढे जाऊन सरकारकडून भरपूर जमीन मिळवली, घोडे पैदा केले, मोठं घर बांधलं आणि रॉबर्ट मॅजिस्ट्रेटही झाला.

मॅजिस्ट्रेट होणं ही सगळ्यात मोठी गोम. कारण कायद्याने मालकाला कैद्याला स्वतः फटके मारता येत नव्हते, मॅजिस्ट्रेटसमोर न्यावं लागायचं. कागदावर किती छान. पण त्या खोऱ्यात मॅजिस्ट्रेट कोण, तर शेजारचा जमीनदार. आज मी तुझ्या गड्याला पन्नास फटके सांगतो, उद्या तू माझ्याला सांग. उद्धट बोलला, आळस केला, मेंढी हरवली, कारण काहीही चालायचं. उलट दिशेने कैद्यालाही मालकाची तक्रार करायचा हक्क होता, पण करायची कुणाकडे, त्याच शेजाऱ्याकडे.

रेशनचेही नियम होते. १८३१ च्या नियमाप्रमाणे आठवड्याला १२ पौंड गहू किंवा ९ पौंड पीठ, ७ पौंड मांस, थोडं मीठ, थोडा साबण. इंग्लंडातल्या मजुराला एवढं मांस स्वप्नात दिसलं नसतं हे खरंच आहे, आणि चहा-साखर-तंबाखू देणारे मालकही होते, कारण ते काढून घेण्याची धमकी फटक्यांपेक्षा जास्त चालायची. सात वर्षांच्या शिक्षेत चार वर्षं नीट वागलं तर तिकीट ऑफ लीव्ह मिळायचं, म्हणजे स्वतःचं काम स्वतः शोधा, पैसे कमवा. मेरी रीबी घोडाचोरीत आलेली पोर, आधी एका मेजरच्या घरी मुलं सांभाळायला नेमलेली, नंतर जहाजांची मालकीण झाली आणि आज तिचा चेहरा ऑस्ट्रेलियाच्या वीस डॉलरच्या नोटेवर आहे. असंही होत होतं. पण मोलकरीण म्हणून नेमलेल्या बाईला दिवस गेले तर तिला फीमेल फॅक्टरी नावाच्या कोंडवाड्यात परत पाठवायचे, आणि दिवस कुणामुळे गेले हे विचारायची पद्धत नव्हती.

ग्लेंडनपासून फार लांब नाही, त्याच खोऱ्यात जेम्स मूडी नावाच्या जमीनदाराची कॅसल फोर्ब्स ही इस्टेट. तिथे नोव्हेंबर १८३३ मध्ये सहा कैदी गड्यांनी बंड केलं. घरातल्या बंदुका घेतल्या आणि मूडीचा जावई नदीवर मेंढ्या धुवून घेत होता त्याच्यावर झाडल्या, नेम चुकला. कोर्टात म्हणाले की उपाशी ठेवतात, फटके मारतात. पाच जणांना फाशी, त्यातल्या दोघांना मुद्दाम कॅसल फोर्ब्सवर नेऊन, बाकीच्या गड्यांनी बघावं म्हणून. मूडीला पुढे मॅजिस्ट्रेटच्या यादीतून काढलं आणि तो इंग्लंडला निघून गेला. नंतर एका पुस्तकातून त्याने सगळ्यांची निंदा केली आणि १८४० मध्ये परत आला तर सिडनीत एका जज्जच्या मुलाने त्याला भर रस्त्यात चाबकाने हाणलं. त्या मुलाला कोर्टाने ५० पौंड भरायला लावले तर लोकांनी वर्गणी काढली!

पण गड्यांची बाजू घेत एवढं सगळं लिहिताना मायल क्रीक या ठिकाणचं हत्याकांड वगळता येत नाही. १० जून १८३८, तिथल्या मूळ रहिवाशांपैकी कमीत कमी २८ जणांना, बायका पोरं म्हातारे, दोरीला बांधून नेऊन तोडलं. करणारे बारा जण, एक सोडून सगळे कैदी नाहीतर माजी कैदी. ज्यांच्या स्वतःच्या पाठी फाटलेल्या त्यांनीच. आणि त्यांच्याविरुद्ध कोर्टात उभा राहिला तोही एक नेमलेला कैदीच, झोपडी राखणारा जॉर्ज अँडरसन. मूळ रहिवाशांची साक्ष तेव्हा कोर्टात चालायचीच नाही, त्यामुळे अँडरसन बोलला नसता तर केस उभीच राहिली नसती. पहिल्या खटल्यात सुटले, दुसऱ्यात सात जणांना फाशी झाली. आरोपींच्या वकिलासाठी जमीनदारांची वर्गणी गोळा करण्यात पुढे कोण होता? आमचा मुंबईकर रॉबर्ट स्कॉट. ब्राइनला झूल न देणारा. त्याचंही मॅजिस्ट्रेटपद यात गेलं.

तोवर लंडनला संसदेच्या कमिटीने ही पद्धत म्हणजे जवळजवळ गुलामगिरीच असं सांगून टाकलं होतं, आणि १८४० मध्ये न्यू साउथ वेल्सला, म्हणजे सिडनी आणि हे खोरं ज्या वसाहतीत येतं तिथे, कैदी पाठवणं बंद झालं. ब्राइन आणि मंडळींना १८३६ मध्येच माफी मिळाली होती, सहापैकी पाच जण पुढे कॅनडाला जाऊन शेती करायला लागले.

आणि जमीनदार? फुकटची माणसं बंद होणार दिसल्यावर ते दुसरीकडे बघायला लागलेच होते. १८३७ मध्ये कलकत्त्याहून छोटा नागपूरच्या मजुरांची एक तुकडी सिडनीला आणली गेली, कराराने, अगदी थोड्या पगारावर. सरकारने ती योजना फार वाढू दिली नाही.