साडेएकोणीस

आईला अजूनही पटत नाही की फुटबॉलमध्ये अर्धा पॉइंट असतो.

"अर्धा गोल कुणी मारलाय व्हय कधी?" तिनं व्हिडिओ कॉलवर विचारलं. फुटबॉल तिला मी शिकवायची गरज नाही. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत तिचा जन्म गेलाय. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाची मॅच झाली की परतणाऱ्या पोरांच्या चालीवरून ती सांगायची, आज कोण हरलं. फक्त तिचा फुटबॉल पायानं खेळायचा, आणि मी गेली अठरा वर्षं जिथं राहतोय त्या अमेरिकेतल्या, ओहायो राज्यातल्या कोलंबसमध्ये फुटबॉल म्हणजे हातात घेऊन पळायचा.

अर्धा गोल नसतो, हे मी मान्य केलं. मग तिला गल्लीतलं सांगितलं. आम्ही मोठी पोरं धाकट्यांशी खेळताना त्यांना दोन गोल आधीच देऊन टाकायचो, नाहीतर खेळायला मजाच यायची नाही. इथं तेच करतात, फक्त कागदावर. बलवान संघाच्या नावापुढं उणे साडेएकोणीस लिहिलं, तर त्यानं वीस किंवा जास्त पॉइंटनं जिंकलं पाहिजे. तो अर्धा एवढ्यासाठीच, की बरोबरी होऊन पैसे परत करायची वेळ येऊ नये.

ती गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे तू तिकडं आकडं लावतोस."

आमच्या घरात या शब्दाला वजन आहे. माझ्या धाकट्या चुलत्याचं दुकान कल्याणच्या आकड्यात गेलं. ओपन आणि क्लोज हे शब्द मी इंग्रजी शिकायच्या आधी शिकलो. त्यामुळं आईला खोटं सांगणं शक्य नव्हतं. लावले होते. 30 नोव्हेंबर 2024 ला मी एका मॅचवर 110 डॉलर लावले होते. त्याची पूर्ण हकीकत इथं लिहून ठेवतोय. अंदाज बांधणं माझ्या फार जिव्हाळ्याचं आहे आणि त्या मॅचनं मला त्यातलं जे शिकवलं, ते नोकरीतल्या इतक्या वर्षांनी शिकवलं नव्हतं.

नोकरी विम्याची. कुठल्या भागात किती छपरं गारांनी फुटतील, याचा हिशोब आम्ही करतो. तीच सवय घरी आली. दर शनिवारी सकाळी चहा घेताना मी कॉलेज फुटबॉलच्या पाच-सहा मॅचेसचे स्कोअर एका वहीत लिहितो, पेन्सिलनं नाही, पेननं. शेजारी त्या दिवशीची लाइन, म्हणजे पैजांच्या बाजारानं दिलेला फरक. संध्याकाळी खरा स्कोअर.

2023 च्या सीझनमध्ये 74 अंदाज होते, त्यातले 38 बरोबर. निम्म्याहून जास्त. मला वाटलं, वा! मग बायकोनं वही ओढून घेतली आणि म्हणाली, पैसे लावले असतेस तर काय झालं असतं ते काढ. इथला नेहमीचा भाव 110 ला 100, म्हणजे अकरा लावा, जिंकलात तर दहा मिळतात. 38 वेळा दहा मिळाले, 380. 36 वेळा अकरा गेले, 396. म्हणजे सोळा डॉलरचा तोटा, तोही निम्म्याहून जास्त वेळा बरोबर ठरून! नुसतं बरोबरीत सुटायलाच शंभरातले 52.38 अंदाज बरोबर यावे लागतात. निम्म्यापासून तिथपर्यंतची ती जेमतेम अडीच टक्क्यांची पट्टी म्हणजेच धंदेवाल्याचं घर. ओहायोत हा धंदा 1 जानेवारी 2023 पासून कायदेशीर झाला. त्या दिवसापासून रेडिओ लावा, टीव्ही लावा, बसच्या पाठीवर बघा, त्याचीच जाहिरात.

एवढं कळूनही मी ओहायो स्टेट, म्हणजे आमच्या कोलंबसचं विद्यापीठ, आणि शेजारच्या राज्यातलं मिशिगन विद्यापीठ यांच्या मॅचवर पैसे लावले. का, ते सांगतो.

ही मॅच पहिल्यांदा 1897 मध्ये झाली. आता ती नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी असते, थँक्सगिव्हिंगच्या दोन दिवसांनी. त्या आठवड्यात ओहायो स्टेटच्या आवारातल्या पाट्यांवरच्या प्रत्येक एम अक्षरावर लाल चिकटपट्टीची फुली मारतात. मी पहिल्या वर्षी ते बघितलं आणि मला एकदम पेठेत आल्यासारखं वाटलं. मिशिगनला हरवलं की ओहायो स्टेटच्या प्रत्येक खेळाडूला सोन्याची बारीकशी पँट मिळते, लॉकेटएवढी. 1934 पासूनची रीत. 2024 साल उजाडलं तेव्हा मिशिगननं सलग तीन वर्षं हरवलेलं होतं. 2021 ला 42-27, 2022 ला आमच्याच मैदानावर 45-23, 2023 ला 30-24. म्हणजे चार-चार वर्षं शिकून पदवी घेऊन निघालेल्या पोरांकडं ती पँट नाही.

आणि माझी मुलगी शिकायला गेली ती मिशिगनला. ते विद्यापीठ ज्या गावात आहे ते ॲन आर्बर आमच्या घरापासून गाडीनं तीन तासांवर आहे. तिनं निळ्या-पिवळ्या रंगाची टोपी पहिल्यांदा घरात आणली तेव्हा मी ती खुंटीवर स्वतः अडकवली, पण खरं सांगतो, हाताला कसंसंच झालं.

तर 2024. ओहायो स्टेट देशात दुसरी, दहा मॅच जिंकलेली, एक हरलेली. मिशिगन सहा जिंकलेली, पाच हरलेली, पहिल्या पंचविसातही नाही. मॅच कोलंबसला. लाइन वीसच्या आसपास हलत होती, मला साडेएकोणीस मिळाली. मी वहीत लिहिलं: ओहायो स्टेट 31, मिशिगन 10.

माझी मुलगी सुट्टीला घरी आलेली. वहीत डोकावली आणि म्हणाली, "बाबा, मिशिगन जिंकेल असं मी म्हणत नाही. वीसनं हरणार नाही, एवढंच म्हणतेय."

पैज लागली. हरलेल्यानं रविवारी तांबडा-पांढरा करायचा, मसाला वाटण्यापासून, मिक्सर चालेल पण तयार मसाला चालणार नाही. तिच्याशी पैज मटणाची. 110 डॉलर मात्र मी फोनवर वेगळे लावले, तिला न सांगता. ते मला आजही खुपतं.

दुपारी बाराला मॅच. बाहेर हाडं गोठवणारी थंडी. आमच्याकडं दहा-बारा मंडळी, निम्मी मराठी. पहिला अर्धा संपला तेव्हा 10-10. त्या हाफटाइमला कुणी चिवड्याला हात लावला नाही. दुसऱ्या अर्ध्यात ओहायो स्टेटचा एकही पॉइंट नाही, शून्य. देशातले सर्वांत भारी रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारे, आमच्याकडं, जेरेमाया स्मिथसारखा पहिल्या वर्षाचा पोरगा, आणि आम्ही पुन्हा पुन्हा मधूनच पळायला बघत होतो, जिथं मिशिगनचे मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट भिंतीसारखे उभे होते. दोन फील्ड गोल, म्हणजे पायानं चेंडू खांबांमधून मारून तीन पॉइंट घ्यायचे, तेही हुकले. पास टाकणाऱ्या आमच्या विल हॉवर्डचे दोन पास मिशिगनच्या हातात गेले.

मिशिगननं तरी काय केलं? पास टाकून सबंध दुपारभर 62 यार्ड. बस्स. बाकी सगळं केलेल मलिंग्ज. बत्तीस वेळा चेंडू घेऊन तो त्या गर्दीत घुसला, 116 यार्ड काढले. तीन, चार, दोन, पाच. आपल्याकडं लाल मातीत पैलवान समोरच्याला दमवतो ना, तसं. शेवटी त्याच्याच एका लांब धावेनं चेंडू गोलच्या दाराशी आला आणि 45 सेकंद उरले असताना डॉमिनिक झ्वाडानं 21 यार्डांवरून फील्ड गोल मारला. 13-10.

माझी मुलगी ओरडली नाही. तिनं माझा हात धरला.

त्या खोलीत एक गोष्ट घडली. ओहायो स्टेटचा दुसरा फील्ड गोल हुकला तेव्हा आमच्या ओळखीच्या एकानं त्या किकरला आईवरून शिवी दिली आणि फोन काढून म्हणाला, याला आता मेसेजच टाकतो. त्यानंही पैसे लावले होते. माझी मुलगी त्याच्याकडं वळून म्हणाली, "काका, तो माझ्याएवढा आहे." सगळे गप्प. त्यानं फोन खिशात टाकला, पण माझ्या पोटात खड्डा पडला. माझ्या खिशातही तसाच फोन होता आणि तो हुकलेला गोल बघून क्षणभर माझ्याही मनात 110 हाच आकडा आला होता. ओहायोनं त्याच वर्षी मार्चपासून कॉलेजच्या एकेका खेळाडूवर लावायच्या बेट्स बंद केल्या होत्या. पोरांना अशा धमक्या आणि शिव्या येतात, म्हणून कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संस्थेनंच तशी मागणी केलेली. पण संघावर लावलेले पैसेसुद्धा शेवटी कुठल्यातरी एका पोराच्या पायावर येऊन थांबतात.

मॅच संपल्यावर मिशिगनच्या खेळाडूंनी मैदानाच्या मधोमध झेंडा रोवायला नेला, त्यावरून धक्काबुक्की झाली, पोलिसांनी मिरचीचा फवारा मारला. पुढं दोन्ही विद्यापीठांना एक-एक लाख डॉलर दंड झाला. ते मी बघितलंच नाही. मी आत जाऊन वही उघडली होती.

चूक कुठं झाली, हे मी दोन दिवस शोधत होतो. पहिली सोपी होती. माझा अंदाज 31-10, म्हणजे फरक 21. लाइन साडेएकोणीस. माझ्यात आणि बाजारात मतभेद किती, तर दीड पॉइंट! आणि माझीच वही सांगत होती की माझा फरकाचा अंदाज सरासरी बारा पॉइंटनं चुकतो. बारानं चुकणाऱ्या माणसानं दीड पॉइंटच्या जिवावर पैसे लावले. ऑफिसात असा कागद माझ्यासमोर आला असता तर मी तो परत पाठवला असता.

दुसरी चूक खोल होती. ओहायो स्टेटचा डावा टॅकल जॉश सिमन्स ऑक्टोबरमध्ये गुडघा दुखावून बाहेर गेलेला, सेंटर सेथ मॅकलॉफ्लिन नोव्हेंबरमध्ये टाचेच्या वरची शीर तुटून. पुढच्या रांगेतले दोन मुख्य गडी नाहीत, आणि समोर मिशिगनची सगळी ताकद नेमकी तिथंच एकवटलेली. हे मला माहीत होतं. सिमन्सचं तर मी वहीत लिहिलंही होतं. पण मिशिगन पाच मॅच हरलीय, एवढ्या एका गोष्टीखाली मी बाकी सगळं दाबून टाकलं. शिवाय एक संघ जर मुद्दाम हळू खेळणार असेल, चेंडू स्वतःकडं धरून घड्याळ संपवणार असेल, तर दोघांनाही संधी कमी मिळतात. संधी कमी, पॉइंट कमी. कमी पॉइंटांच्या मॅचमध्ये वीसचा फरक पडणं किती अवघड! माझ्या मुलीनं मांडलेलं गणित हेच होतं, तिनं ते आकड्यांत सांगितलं नाही इतकंच. मी मनात उत्तर देत होतो, कोण भारी. प्रश्न होता, किती भारी.

पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर तसं चुकलेलंही नव्हतं. त्याच ओहायो स्टेटनं पुढं टेनेसीला 42-17, ओरेगॉनला 41-21, टेक्सासला 28-14 असं हरवलं आणि 20 जानेवारी 2025 ला अटलांटात नोत्र दामला 34-23 नं हरवून राष्ट्रीय विजेतेपद घेतलं.

रविवारी मी मटण आणलं. तांबडा बरा झाला. पांढऱ्यात नारळाचं दूध जरा जास्त उकळलं आणि फाटलं. जेवताना मी 110 डॉलरचं सगळ्यांसमोर सांगितलं. बायको काही बोलली नाही. माझ्या मुलीनं विचारलं, "आजीला माहितीये?" म्हणून तो व्हिडिओ कॉल. आईनं चुलत्याचं नाव काढलं नाही. फक्त म्हणाली, "वही लिही. वहीला कोण नको म्हणतंय?" ते ॲप त्या रात्रीच फोनवरून काढलं. परत घेतलेलं नाही.

वही चालू आहे. आता स्कोअरशेजारी एक रकाना वाढवलाय: मी किती चुकू शकतो. 29 नोव्हेंबर 2025, या वेळी मॅच ॲन आर्बरला, लाखभर माणसांच्या त्या मैदानात. ओहायो स्टेट पहिल्या क्रमांकावर, एकही मॅच न हरलेली. लाइन दहाच्या आसपास. माझी मुलगी शुक्रवारीच बसनं परत गेली, जाताना फ्रिजवर चिठ्ठी लावून: ओहायो स्टेट 24, मिशिगन 17. मी वहीत लिहिलं 23-13, आणि नव्या रकान्यात, बारा इकडं किंवा तिकडं.

सुरुवातीला मिशिगन 6-0 पुढं. नंतर बर्फ पडायला लागला आणि हळूहळू सगळं ओहायो स्टेटकडं झुकलं. 27-9. फरक अठराचा. माझा अंदाज आठनं चुकला, तिचा अकरानं.

संध्याकाळी तिचा फोन आला, मागं वाऱ्याचा आवाज. बूट पूर्ण भिजलेत म्हणाली, आणि स्टँडमधून बाहेर पडायलाच पाऊण तास लागला. मी विचारलं, फार वाईट वाटतंय का. ती म्हणाली, "हो." मग थोडा वेळ आम्ही दोघं काहीच बोललो नाही. मग म्हणाली, "ख्रिसमसला येते तेव्हा करते पांढरा. नारळाचं दूध शेवटी घालायचं आणि उकळू द्यायचं नाही, आजीनं सांगितलंय."