दीड वर्षानं मराठीत मिस्सा

काल सकाळी पुण्यात क्वार्टर गेटच्या सिटी चर्चमध्ये दीड वर्षानं मराठीत मिस्सा, म्हणजे आम्हा कॅथलिकांची मुख्य उपासना, अर्पण केली. ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ म्हणताना गळा दाटून आला. जर्मनीत बव्हेरियातल्या ज्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) मी धर्मगुरू आहे, तिथे हीच प्रार्थना रोज ‘फाटर उन्झर’ म्हणून म्हणतो, पण ती अजून आधी डोक्यात जुळवावी लागते, मग ओठांवर येते.

धर्मगुरू होण्यासाठी रामवाडीच्या पेपल सेमिनरीत शिकत असताना वाटायचं, परदेशात भाषाच जड जाईल. भाषा येते हळूहळू. जड गेले ते अंत्यविधी. आपल्याकडे माणूस गेला की त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी माती देतात. घर माणसांनी भरलेलं असतं. तिथे दफनाला आठवडाही लागतो. माझ्या पहिल्या अंत्यविधीला कबरीपाशी चार माणसं होती. सगळे गेल्यावर मी थांबलो आणि त्या अनोळखी आजोबांसाठी मराठीत प्रार्थना केली. त्यांना कुणीतरी आपलं म्हणून निरोप द्यावा, असं फार वाटलं.

कॅथलिक म्हणून नोंद असलेले तिथे प्राप्तिकराच्या ८ टक्के चर्च-कर भरतात, तरी रविवारी बाकं रिकामी. हरेगावच्या मतमाउलीच्या, म्हणजे मारियामातेच्या, गर्दीच्या यात्रेत वाढलेल्या मला ते अजूनही सोसत नाही.

पण शेजारच्या आजी आहेत. दर शनिवारी माझं प्रवचन मोठ्यानं वाचून घेतात, जर्मन नामाआधी ‘डेर’ की ‘डी’ ते सुधारतात, वर सफरचंदाचा केक देतात. आईनं त्यांच्यासाठी शेंगदाण्याची चटणी बांधून दिलीय, तिखट निम्मं घालून.