शिकवायला नाही म्हणणारे कानबुन आणि विचारत राहिलेले र्यूयू

उएची-र्यू ही कराटेची एक स्टाईल, तिच्यात सांचिन ही पहिली काता (ठरलेल्या हालचालींचा क्रम) बऱ्यापैकी जमायला लागली की पुढची काता येते ती कानशिवा. मी ती कित्येक महिने घोकत होते पण नावाचा अर्थ काय हे कधी डोक्यातच आलं नाही, मग एकदा क्लास संपल्यावर सेन्सेईंनी सहज सांगितलं की कानबुनमधला 'कान' आणि शू शिवामधला 'शिवा'. म्हणजे ही स्टाईल सुरू करणारे कानबुन उएची आणि त्यांचे चिनी गुरू, शिष्य आणि गुरू दोघं एका नावात! त्यानंतरची कानशू, तीही तशीच, 'कान' आणि 'शू'. या दोन्ही काता कानबुन यांचा मुलगा कानेई याच्या काळात तयार झाल्या. म्हणजे नवीन पोरगं पहिल्या वर्षातच आपली गुरुपरंपरा तोंडाने म्हणत असतं आणि त्याला पत्ताही नसतो. मला तरी नव्हता.

तेव्हापासून या परंपरेबद्दल मिळेल ते वाचतेय, आणि जितकं वाचते तितकं वाटतं की ही साखळी तुटली कशी नाही.

कानबुन उएचींचा जन्म १८७७ चा, जपानमधल्या ओकिनावा बेटाच्या मोतोबु भागातल्या शेतकरी घरातला. १८९७ मध्ये ते चीनला गेले, फुजियान प्रांतातल्या फुझोउला. जपानी सैन्यातली सक्तीची भरती टाळायची हे एक कारण सांगतात. तिथे शू शिवा (चिनी उच्चार झोउ झिहे) यांच्याकडे ते शिकले, वाघ, ड्रॅगन आणि करकोचा या तिघांच्या हालचालींवर आधारलेली पद्धत, तिला पांगाईनून म्हणायचे, म्हणजे अर्धं कठीण अर्धं मऊ. पुढे चीनमध्येच त्यांनी स्वतः शिकवायलाही सुरुवात केली, परक्या देशात जाऊन तिथलीच विद्या तिथल्याच लोकांना शिकवायची, ही केवढी मोठी गोष्ट आहे!

आणि मग तो प्रसंग. असं सांगतात की त्यांच्या एका शिष्याचं शेतीच्या पाण्यावरून भांडण झालं आणि त्याच्या हातून समोरचा माणूस मेला. कानबुननी तो दोष स्वतःवर घेतला, डोजो (शिकवायची जागा) बंद केला, १९१० मध्ये ओकिनावाला परत आले आणि पुन्हा कधी शिकवायचं नाही असं ठरवलं. शेती करायला लागले. त्यांना काय येतं हे गो केन्की नावाच्या चिनी चहा व्यापाऱ्यामुळे ओकिनावातल्या नाहा शहरात लोकांना कळलं, लोक विचारायला यायला लागले, तरी त्यांचं उत्तर नाहीच.

या वर्षांवर मी सारखी अडकते. तेरा वर्षं चीनमध्ये कमावलेलं सगळं एका माणसाच्या आत बंद, आणि तो रोज शेतावर जाऊन येतोय. त्यांना तेव्हा काही झालं असतं तर आज आमच्याकडे सांचिन, सेसान, सानसेर्यू यातलं काहीच नसतं, कारण चीनहून त्यांनी आणलेल्या काता या तीनच.

मग साखरेचे भाव कोसळले आणि ओकिनावात इतकी उपासमार झाली की लोक सायकॅड नावाचं ताडासारखं दिसणारं विषारी झाडही खायला लागले, त्या काळाला तिथे 'सोतेत्सु जिगोकु' म्हणजे सायकॅडचा नरक म्हणतात. हजारो लोक कामासाठी जपानच्या मुख्य बेटांवर गेले, त्यात १९२४ मध्ये कानबुनही गेले, वाकायामाला, कापड गिरणीत कामाला. तिथे त्यांना भेटले र्यूयू तोमोयोसे, तेही ओकिनावाचेच. र्यूयूंनी 'मला शिकवा' असा हट्ट धरला नाही म्हणे. ते नुसतं विचारायचे, कोणी असा अंगावर आला तर काय करायचं, असं धरलं तर कसं सुटायचं, आणि कानबुन थोडं थोडं दाखवायचे. असं बरेच महिने चाललं, शेवटी कानबुनना उमगलं की आपण शिकवतोच आहोत, आणि १९२६ मध्ये ते तयार झाले. सोळा वर्षांनी!

१९४० मध्ये स्टाईलला उएची-र्यू हे नाव मिळालं. युद्धानंतर कानबुन ओकिनावाला परतले आणि १९४८ मध्ये इएजिमा बेटावर वारले. पुढे कानेईंनी गिनोवानच्या फुतेन्मात डोजो चालवला. र्यूयूंचा मुलगा र्यूको कानेईंच्या ज्येष्ठ शिष्यांपैकी एक, आणि १९५० च्या दशकात ओकिनावात आलेला अमेरिकन सैनिक जॉर्ज मॅटसन शिकला तो र्यूकोंकडे, त्याने हे अमेरिकेत नेलं. म्हणजे बापाने विचारून विचारून दार उघडलं आणि मुलाच्या हातून ते समुद्रापार गेलं.

परवा सांचिन करताना सेन्सेई मागून खांदे तपासत होते, दोन्ही तळहात जोरात खांद्यावर, मग कमरेवर, मग मांड्यांवर, आणि माझ्या मनात आलं की यांच्या खांद्यावर असाच कोणाचा तरी हात पडला होता, त्यांच्या सेन्सेईंच्या खांद्यावर आणखी कोणाचा, आणि असं मागे मागे जात शू शिवांच्या हातापर्यंत. माझा श्वास चुकला, पुन्हा पहिल्यापासून करावी लागली.

आमच्या डोजोच्या भिंतीवर दोन फोटो आहेत, कानबुन आणि कानेई. र्यूयूंचा नाहीये. मी सेन्सेईंना विचारलं, लावूया का? ते म्हणाले चांगला मिळाला तर नक्की लावू, तू शोध. शोधतेय. कोणाकडे नीट स्कॅन केलेला असेल तर प्लीज सांगा, फ्रेम मी करून आणणार आहे.