तुम्ही विचारलंत म्हणून: सॉफ्टबॉलचा हिशोब

गणपतीत प्रसादाच्या रांगेत, कोजागिरीला दूध आटत असताना, रविवारच्या मराठी शाळेच्या पार्किंगमध्ये हा प्रश्न मला हमखास येतो. विचारणाऱ्यांची मुलगी नऊ-दहा वर्षांची असते, गावच्या रेक लीगमध्ये सॉफ्टबॉल बरी खेळत असते आणि कुणीतरी कोचने सांगितलेलं असतं की हिला ट्रॅव्हल टीममध्ये घाला. मग आवाज थोडा खाली येतो. "तुमची लेक इतकी वर्षं खेळली ना? खर्च वसूल होतो का हो?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नाही होत. आम्ही न्यू जर्सीत पाच वर्षं हे केलं, आणि वसूल काही झालं नाही. पण "मग घालूच नको का?" असं लगेच विचारू नका. ते उत्तर वेगळं आहे.

आधी आकडे, कारण तेच कुणी सांगत नाही. रेक लीग म्हणजे गावाची लीग: शंभर-दीडशे डॉलर, एक टी-शर्ट, कुणाचे तरी बाबा कोच. ट्रॅव्हल म्हणजे खाजगी क्लब. ऑगस्टमध्ये ट्रायआउट, म्हणजे निवड चाचणी, हिवाळाभर कुठल्या तरी गोदामात इनडोअर सराव, आणि एप्रिलपासून जुलैपर्यंत जवळजवळ दर वीकेंडला स्पर्धा. नवऱ्याने पहिल्याच वर्षी एक्सेलची फाइल उघडली होती, त्यामुळे १४-यूचं, म्हणजे चौदा वर्षांखालच्या गटाचं, वर्ष मी डोळे मिटून सांगू शकते. क्लबची फी २४००. पिचिंगचे, म्हणजे बॉल टाकायचे, क्लास, आठवड्याला ६० प्रमाणे, २४००. हॉटेलच्या १४ रात्री, २४०० च्या आसपास. बॅट, ग्लोव्ह, बूट, फेस मास्क मिळून ७००. पेट्रोल, टोल, बाहेरचं खाणं आणि गेटचे पैसे १८००. गेटचे म्हणजे, आपल्याच पोरीची मॅच बघायला आपणच तिकीट काढायचं. एकूण ९७००. पाच वर्षांचे मिळून चाळीस हजारांच्या जवळपास गेले. रटगर्स या आमच्या सरकारी विद्यापीठात राज्यातल्या मुलांची दोन वर्षांची ट्यूशन फी यातून निघाली असती.

यात काही खर्च असे की ऐकून राग येतो. अनेक स्पर्धांत आयोजकांनी ठरवलेल्या हॉटेलातच उतरायचं, नाहीतर टीमला प्रवेश नाही. चारशे डॉलरची कॉम्पोझिट (कार्बन फायबर वगैरेची) बॅट साठ फॅरनहाइटच्या खाली वापरू नका, तडा जातो, असं कंपनीच सांगते. आता आमच्याकडचा एप्रिल म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. म्हणून थंडीसाठी वेगळी, अ‍ॅल्युमिनियमची बॅट. आणि एका क्लबने तर डिपॉझिट घेतल्यावर ऑक्टोबरात टीमच मोडली. कोच गेला, त्याची मुलगी गेली, तिच्यामागे चार मुली गेल्या. डिपॉझिट परत मिळालं नाही.

माझी चुलत बहीण जळगावला शाळेत सॉफ्टबॉल खेळायची. अख्ख्या टीमला मिळून चार-पाच ग्लोव्ह. डाव बदलला की ते मैदानातच ठेवून यायचं, समोरची टीम तेच घालायची. विभागीय स्पर्धेला एसटीने नाशिकला, डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. सर्टिफिकेट मिळालं ते तिने अजून जपून ठेवलंय. तिला मी फोनवर आमचा आकडा रुपयांत सांगितला. ताई बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "अगं बाई, एवढ्यात जळगावात प्लॉट आला असता."

"पण स्कॉलरशिप?" हा तुमचा पुढचा प्रश्न असतो, आणि क्लबवालेही तो तुमच्या मनात हळूच ठेवून देतात. इथे मला जरा खडूस व्हायला लागेल. देशभरात हायस्कूलमध्ये सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुली साडेतीन लाखांच्या घरात आहेत. एनसीएए ही कॉलेजांच्या खेळांची संघटना, तिच्या तिन्ही डिव्हिजनमध्ये, म्हणजे पातळ्यांवर, मिळून खेळतात साधारण वीस-एकवीस हजार, म्हणजे शंभरात सहा. त्यातल्या डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी स्कॉलरशिप नसतेच. आयव्ही लीग या आठ नामांकित विद्यापीठांच्या गटातही नसते, त्यामुळे प्रिन्स्टनची स्वप्नं बघत असाल तर अभ्यासावरच भर द्या. डिव्हिजन वनच्या टीमला परवापर्यंत १२ पूर्ण स्कॉलरशिपांइतकाच पैसा देता यायचा आणि तो वीस-बावीस मुलींत वाटला जायचा. २०२५ मध्ये कॉलेज खेळाडूंच्या एनसीएएविरुद्धच्या खटल्यात कोर्टातली तडजोड मंजूर झाली, आणि ती स्वीकारलेल्या कॉलेजांना ती मर्यादा राहिली नाही. टीममध्ये जास्तीत जास्त २५ मुली, असा नियम आला. पण देण्याची मुभा मिळाली म्हणजे तिजोरीत पैसा आला असं नाही. फुटबॉल आणि बास्केटबॉलचं ताट वाढून झाल्यावर उरेल ते.

शिवाय डिव्हिजन वनचा कोच तुमच्या मुलीशी थेट बोलू शकतो तो अकरावीच्या वर्षाच्या १ सप्टेंबरपासून. २०१८ पर्यंत आठवीतल्या मुलींची कॉलेजच्या टीमसाठी तोंडी बोलणी व्हायची, ते बंद झालं. त्यामुळे दहा वर्षांच्या मुलीला "एक्स्पोजर" मिळेल असं कुणी सांगितलं तर त्याला विचारा, कुणाच्या नजरेसमोर?

मग आम्ही पाच वर्षं का केलं?

आमच्या ड्राइव्हवेवर अजून खडूच्या रेघेची पुसट खूण आहे. चाळीस फूट. १२-यूमध्ये पिचर तिथून टाकते. १४-यूला अंतर ४३ फूट होतं, ती दुसरी रेघ. रोज संध्याकाळी नवरा पालथ्या बादलीवर ग्लोव्ह घेऊन बसायचा आणि लेक विंडमिल, म्हणजे पवनचक्कीसारखा, हात फिरवून बॉल टाकायची. या बापांना इथे 'बकेट डॅड' म्हणतात. नवरा जळगावच्या मैदानांवर क्रिकेट खेळून मोठा झालेला, त्याला वाटलं होतं अंडरआर्म बॉल म्हणजे काय, गंमत. दुसऱ्या आठवड्यात नडगीवर निळी पुरी उमटली. तेव्हापासून तो शिन गार्ड घालून बसायला लागला.

आणि एक संध्याकाळ मला पक्की आठवते. तिने त्याला 'ड्रॉप्ड थर्ड स्ट्राइक' समजावला. तिसरा स्ट्राइक झाला, म्हणजे बॅटरचा तिसरा चांगला बॉल हुकला, पण तिच्यामागे बसलेल्या कॅचरच्या हातून बॉल सुटला, तर पहिला बेस रिकामा असेल किंवा दोन आउट असतील तेव्हा बॅटर पळू शकते.

"आउट झाली ना ती?"

"बाबा, अजून नाही."

"तीन स्ट्राइक झाले म्हणजे आउट. मग पळते कशी?"

ती बादलीशेजारी बसली, खडूने चौकोन काढला, चार बेस मांडले, तीन खडे ठेवले आणि वीस मिनिटं शिकवलं. न चिडता. तोपर्यंत घरातलं प्रत्येक शिकवणं आमच्याकडून तिच्याकडे जायचं: गणित, मराठी, पियानो, पाहुण्यांशी कसं बोलायचं. तिच्या आयुष्यात ही एकच गोष्ट होती जी आम्हाला येत नव्हती, तिच्या वर्गातल्या देशी मुलींनाही येत नव्हती, आणि तिला येत होती. त्या खेळावर मत द्यायची आमची लायकीच नव्हती. आमच्यासारख्या आईबापांच्या पोरांना असं काहीतरी असावं, असं मला वाटतं. ते सॉफ्टबॉलच असावं असं नाही. त्याला ९७०० डॉलर लागावेत असं तर मुळीच नाही.

लोक सांगतात, गाडीत मुलांशी किती गप्पा होतात! मेरीलँडच्या सॅलिसबरीला जाताना-येताना आमची लेक कानात हेडफोन घालून झोपायची. आणि खरं सांगू? रविवारी दुपारी, शनिवारच्या तीन मॅच पाहून भाजून निघाल्यावर, पुढची मॅच हरलो तर उजेडात घरी पोहोचू, असं माझ्या मनात अनेकदा आलंय.

एक्सेलमध्ये न बसलेला खर्च धाकट्याच्या नावावर आहे. तो पाच वर्षांचा असताना हे सुरू झालं. त्याचा वाढदिवस जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, म्हणजे ऐन हंगामात. सलग चार केक हॉटेलच्या ब्रेकफास्टच्या खोलीत, वॉफल मशीनच्या शेजारी कापले. चौथ्या वर्षी त्याने विचारलं, "पुढच्या वर्षी माझा बर्थडे शाळेच्या दिवसात करता येईल का?" भांडला नाही, रडला नाही. म्हणूनच जास्त लागलं. दोन मुलं असतील तर तुम्ही हा आकडा आधी मांडा, क्लबची फी नंतर.

पंधराव्या वर्षी लेक स्वतःच म्हणाली, बास. खांदा दुखत होता हे एक. बेसबॉलमध्ये मुलांचे पिच मोजतात, इथे तशी मोजदाद सहसा नसते, आणि एका वीकेंडला तिने चार मॅचमध्ये पिचिंग केलं होतं. दुसरं कारण तिने सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. हायस्कूलच्या टीममध्ये ती अजून खेळते, मजेत.

तेव्हा माझं ऐकाल तर बाराव्या वर्षापर्यंत रेक लीग, आणि गावाची ऑल-स्टार (लीगमधल्या निवडक मुलींची) टीम असली तर ती. त्यानंतरही मुलगी तुम्ही न सांगता भिंतीवर बॉल मारत असेल, तर घरापासून तासाभरात खेळणारी टीम शोधा. ट्रायआउटला गेलात की लेखी विचारा: किती स्पर्धा, किती हॉटेलच्या रात्री, टीम मोडली तर पैसे परत का. गुळमुळीत उत्तर आलं तर उठा. ९७०० पेक्षा निम्म्यात हे होतं, आम्हाला ते चौथ्या वर्षी कळलं. आणि कॉलेजचे पैसे कॉलेजच्या खात्यातच टाका. आमची ३० इंची बॅट गॅरेजमध्ये पडून आहे, मुलीला बसत असेल तर घेऊन जा, पण आत्ता नाही, साधारण वर्षभराने. आत्ता जड होईल तिला.

गेल्या शनिवारी लेक गावच्या लीगमध्ये १०-यूच्या मॅचला अंपायर म्हणून उभी होती. एका मुलीचा तिसरा स्ट्राइक कॅचरच्या हातून सुटला. आमच्या गावच्या लीगमध्ये इतक्या लहान मुलींना तो नियम लावत नाहीत, पण कुंपणाबाहेरून एक बाबा ओरडले, "पळ, पळ!" तिने खेळ थांबवला, त्यांच्यापाशी गेली आणि समजावून सांगितलं. मॅचचे ४५ डॉलर मिळाले. रात्री नवऱ्याने ती जुनी फाइल उघडली. पाच वर्षांत जमेचा रकाना कोरा होता. त्यात त्याने लिहिलं: ४५.