आमची वाटचाल : गिअर उतरवण्याचं काम

पंक्चर, ब्रेकच्या केबल आणि चाकाचा आउट काढणं, एवढ्यावरच आमचं दुकान सुरू झालं. गिअरच्या जुन्या सायकली यायच्या त्याही दुरुस्तीलाच. गिअर बदलायचे शिफ्टर झिजलेले, साखळी एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा डिरेलर वाकलेला, जोडीचे भाग मिळेनासे झालेले, फ्रेम मात्र ठणठणीत. अशा सायकली एकाच गिअरवर चालत्या करून देणं हे हळूहळू आमचं मुख्य काम होऊन बसलं.

गिअर उतरवायला फारसं कसब लागत नाही. कसब लागतं ते साखळी सरळ रेषेत धावायला आणि तिचा ताण टिकायला. म्हणून सायकल स्टँडवर चढली की आम्ही आधी फ्रेमच्या ज्या खाचांत मागच्या चाकाचा कणा बसतो त्या बघतो. आडव्या किंवा तिरप्या असतील तर चाक मागे ओढून साखळी ताणता येते. उभ्या असतील तर ती सोय नाही.

सुरुवातीला आल्या त्या सगळ्या आडव्या खाचांच्या, चाकाच्या मधोमधच्या, आटे असलेल्या हबवर फ्रीव्हील (पेडल थांबलं तरी चाक फिरू देणारा मागचा दातेरी भाग) फिरवून बसवलेल्या. वर्षानुवर्षं पेडल मारून ते फ्रीव्हील इतकं आवळलेलं असतं की साध्या पान्याला दाद देत नाही. त्याच्या खाचेत बसणारं टूल लावायचं, ते निसटू नये म्हणून वरून कण्याचा नट हलका टेकवायचा, टूल शिकंज्यात धरायचं आणि रिम दोन्ही हातांनी डावीकडे फिरवायची. फ्रीव्हील सुटल्याचं हाताला जाणवताच नट सैल करायचा, नाहीतर सगळा जोर कण्यावर जातो. चाक नव्याने विणायचं असलं तरी हे काम आरे कापण्याआधीच. आरे गेले की पकडायला काही उरत नाही.

बहुतेक हबचे आटे १.३७ इंच व्यासाचे, इंचाला २४ असतात. जुन्या फ्रेंच हबचे ३४.७ मिमी, १ मिमी अंतराचे. दोन्ही दिसायला सारखेच. नवं फ्रीव्हील दोन फेऱ्या बसतं आणि अडतं. जोर लावला की हबचे आटे गेले.

त्यानंतर साखळीची रेषा. फ्रेमच्या मध्यापासून मागच्या दात्यांच्या मध्यापर्यंतचं अंतर आणि पुढच्या दात्यांपर्यंतचं अंतर वेगवेगळं मोजायचं. १ मिमीचा फरक चालतो. २ मिमीच्या पुढे साखळी कुरकुरते, मग उतरते. पुढे दोन दातेरी चकत्या असतील तर आम्ही आतली जागा वापरतो आणि आखूड बोल्ट घालतो, कारण जुने लांब बोल्ट तळाला टेकतात आणि चकती सैलच राहते. एवढ्यावर भागलं नाही तर कण्यावरचे स्पेसर (अंतर राखणाऱ्या कड्या) उजवीकडून डावीकडे घ्यायचे. मग रिम मध्यावर आणण्यासाठी उजवे आरे सैल, डावे घट्ट. दोन्ही बाजूंचा ताण जवळजवळ सारखा होत असल्याने चाक आधीपेक्षा मजबूत होतं, हा वरचा फायदा.

पुढे ४२ आणि मागे १६ दाते म्हणजे पेडलच्या एका फेरीत चाकाच्या २.६३ फेऱ्या, सपाट रस्त्याला छान. चढ असेल तर मागे १८. साखळी नवीच घ्यावी. १/८ इंच रुंदीची साखळी ३/३२ च्या दात्यांवर चालते, उलटं चालत नाही.

पुढे कॅसेट हबच्या, म्हणजे दातेरी चकत्या हबच्या बॉडीवर सरकवून बसवलेल्या, सायकली येऊ लागल्या. तिथे स्पेसर मागेपुढे केले की रेषा जुळते, काम निम्मं. मात्र जुन्या कॅसेटमधलीच एक चकती ठेवून भागवू नये. गिअर बदलताना साखळी सहज सरकावी म्हणून तिचे काही दाते मुद्दाम आखूड केलेले असतात, आणि त्यावरूनच साखळी निसटते. पूर्ण उंचीच्या दात्यांची, रुंद बुडाची चकती लावावी. पातळ चकती अ‍ॅल्युमिनियमच्या बॉडीत रुतते.

उभ्या खाचांना आम्ही टेन्शनर, म्हणजे साखळी ताणून धरणारा भाग, लावतो. जुना मागचा डिरेलरही चालतो. केबलचा छोटा तुकडा अडकवून तो हव्या रेषेत कायमचा रोखायचा. दात्यांची संख्या जुळवून टेन्शनरशिवाय साखळी बरोब्बर बसवायची हौस काहींना असते. एक दाता वाढवला की कण्याची जागा साधारण ३ मिमी सरकते, म्हणून कधीकधी हिशेब जमतोही. पण साखळी जरा झिजली की सगळं ढिलं. आम्ही ते करून देत नाही.

शेवटी ताण. मधोमध साखळी वरखाली साधारण १२ मिमी हलावी. क्रँक फिरवताना एका जागी घट्ट आणि समोरच्या जागी ढिली वाटली तर पुढची चकती मध्यावर नाही. बोल्ट थोडे सैल करून घट्ट जागी साखळीवर हलकेच ठोकायचं आणि पुन्हा आवळायचं. मागचे नट दातेरी हवेत, नाहीतर जोरात पेडल मारताना चाकाची उजवी बाजू पुढे ओढली जाते आणि टायर डाव्या नळीला घासतो.

फिक्स्ड (चाक फिरेल तोवर पेडलही फिरतच राहतं अशी रचना) हवं असेल तर ट्रॅक हबच घ्या, असं आम्ही स्पष्ट सांगतो. साध्या फ्रीव्हील हबला चकती रोखून धरणारी उलट्या आट्यांची लॉकरिंग बसत नाही, त्यामुळे पेडल मागे दाबलं की चकती सुटू शकते. ब्रेक दोन्ही ठेवतो, मग सायकल कोणतीही असो.

काढलेला प्रत्येक भाग पिशवीत भरून परत देतो, आणि मूळ स्पेसर कुठल्या क्रमाने होते ते लिहिलेली चिठ्ठीही. पुढेमागे कुणाला गिअर परत लावायचे झाले तर तीच लागते.