फिल्टर सोळा इंची, कप्पा चौदा इंची

माशांच्या टाकीला कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेर ठेवायचा बंद डबा, नळ्यांनी जोडलेला) घेताना सगळे तासाला किती लिटर पाणी फिरवतो ते बघतात, वॅट बघतात, मीडियाचे, म्हणजे आतल्या स्पंज-रिंगांचे, किती ट्रे बसतात ते बघतात, पण उंची कोण बघत नाही आणि शेवटी नडते ती उंचीच. आपल्याकडे दुकानात मिळणारे स्टँड ठरलेले असतात, लोखंडी अँगलचे, वर मोठी टाकी आणि मधे एक कप्पा, त्यात दुसरी छोटी टाकी ठेवता येईल असे. आमचं पण तसलंच. तीन फुटी, उंची ३० इंच, जमिनीपासून बरोब्बर निम्म्यावर मधली चौकट. म्हणजे वर चौदा इंच आणि खाली चौदा इंच. आणि फिल्टर हँडलसकट साडेसोळा, वर नळ्या वेगळ्याच. कुठल्याच कप्प्यात जाणार नाही हे दिसतच होतं, स्टँडचं काहीतरी करायचं ठरवूनच फिल्टर मागवला.

फिल्टर मोठा का, तर आमच्याकडे गोल्डफिश आहेत. बेळगावची हवा त्यांना मानवते, आपण साडेसातशे मीटरच्या आसपास उंचीवर, पाणी गारच असतं, थंडीत पण हीटर लावायची गरज पडत नाही. पण ह्या माशाला पोट म्हणून नसतंच, सरळ आतडं, त्यामुळे दिवसभर खायला मागणार आणि दिवसभर घाण करणार. त्यातून अमोनिया होतो, तो कल्ल्यांतून पण बाहेर पडत असतो, आणि फिल्टरमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. म्हणजे खरं काम स्पंजचं नाही, त्यावर नि सिरॅमिकच्या रिंगांवर बसलेल्या जिवाणूंचं, आणि जेवढी जागा जास्त तेवढे ते जास्त. वर लटकवायच्या फिल्टरात मूठभर मीडिया बसतो, गोल्डफिशला तो पुरत नाही, दोन दिवसांत पाणी धुरकट.

आता करायचं काय. पहिला विचार सगळ्यांच्या मनात येतो तोच, फिल्टर स्टँडच्या बाजूला जमिनीवर ठेवायचा. काम करतो की तो, पाण्याच्या पातळीच्या खाली असला म्हणजे झालं, सायफननं पाणी आपोआप खाली येतं आणि पंप ते परत वर ढकलतो, बंद चक्र असल्यामुळे पंपावर उचलायचा भार पण फारसा येत नाही. पण आई हॉलमधे आली आणि म्हणाली, "हे काय दवाखान्यासारखं नळ्या लावून ठेवूलास?" झालं. शिवाय घरात लहान पोरगं आहे, नळीला लटकलं तर हॉलमधे तळं.

दुसरा विचार, मधली चौकट ग्राइंडरनं कापून टाकायची. हे नेटवर पण बरेच जण सांगतात आणि दिसायला एकदम सोपं. उद्यमबागेत, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या भागात, आमच्या ओळखीचा एक वेल्डर आहे, फाउंड्रीवाल्यांची कामं करतो, त्याला फोटो दाखवला. तो बघून म्हणाला, "काढली तर पडायचं नाही ओ सर, पण डुलंल की." आणि हेच समजून घ्यायला पाहिजे. आमची टाकी ३६ बाय १८ बाय १८, काठोकाठ भरली तर १९१ लिटर. दहा एमएम काच एकटीच चाळीस किलोच्या वर. वाळू धरून अडीचशे किलोच्या घरात जातं सगळं. चार पायांवर वाटलं तर एका पायावर साठ-पासष्ट किलो, सरळ खाली दाबायला लोखंडाच्या अँगलला ते काहीच नाही. भीती दाबाची नाही, आडव्या हालण्याची आहे. कुणी टेकलं, पोरगं धडकलं, पाणी आत हिंदकळलं की वरची चौकट एका बाजूला सरकायला बघते आणि पाय तिरके व्हायला बघतात, आणि ते धरून ठेवायचं काम ती मधली चौकट करत असते. म्हणून ती नुसती काढायची नाही, काढली तर तिचं काम दुसऱ्या कुणालातरी द्यायचं.

तसं करता येतं. चौकट कापून जमिनीपासून दोन-तीन इंचावर परत वेल्ड करायची, म्हणजे पाय खाली बांधले जातात, आणि मागच्या बाजूला तिरक्या पट्ट्या मारायच्या, फुलीसारख्या नाहीतर निदान एक, आणि वरच्या कोपऱ्यांत गसेट, म्हणजे त्रिकोणी पत्र्याचे तुकडे. ज्यांचं स्टँड चांगल्या स्थितीत आहे त्यांनी हेच करावं. आमच्या स्टँडचे पाय मात्र खालून गंजले होते. इथला पाऊस तुम्हाला माहीतच आहे, जून लागला की सप्टेंबरपर्यंत भिंतीला पण घाम येतो, आणि माशांच्या टाकीखाली बारा महिने थोडंफार सांडतच असतं. वेल्डरनं पायाला हातोडीनं हळूच ठोकलं तर पापुद्रे गळाले. मग म्हटलं नवीनच कर.

नवीन करायचं म्हटल्यावर मात्र सगळं आपल्या हातात असतं, आणि इथंच नीट बसून विचार करायला पाहिजे. आम्ही दीड इंची चौरस एमएस पाईप घेतला, सोळा गेजचा. हा वीस फुटी मिळतो, तीन फुटी स्टँडला दोन पाईप पुरतात आणि उरलेल्या तुकड्यांत मागच्या तिरक्या पट्ट्या निघतात. उंची ३० इंचच ठेवली, कारण आमच्या सोफ्यावर बसून बघायला ती बरोबर आहे. वरचा पाईप दीड इंच गेला, खालचा दीड, प्लायवूड पाऊण, पायाखालच्या नटबोल्टांना एखादा इंच. आत मोकळी जागा राहिली पंचवीस इंचाच्या आसपास. फिल्टर साडेसोळा. म्हणजे वर आठेक इंच राहिले.

आठ इंच कशाला, असं बायकोनं पण विचारलं. फिल्टरच्या डोक्यावर नळ्यांचे नळ असतात, त्यावरून नळी वर जाऊन मागं वळते, ती जाड नळी एकदम वळत नाही, जबरदस्ती केली की चेपते आणि चेपली की पाण्याचा जोर निम्म्यावर. तिला वळायलाच चार इंच लागतात. त्यावर तुमचा हात. फिल्टर साफ करताना नळ बंद करायचे, खटका वर ओढायचा, नळ्यांचा जोड वर उचलून बाजूला करायचा. हे सगळं आत हात घालून, वाकून, बहुतेक वेळा एका हातात टॉवेल धरून करायचं असतं. फिल्टर आत *बसतो* म्हणजे झालं असं नाही, पाण्यानं भरलेला तो जड फिल्टर महिन्या-दोन महिन्यांनी बाहेर *निघाला* पाहिजे. म्हणून माप घेताना नळ्या लावून घ्यायचं, खोक्यावर छापलेल्या मापावर जायचं नाही.

आणखी एक गोष्ट, ही मला फार आवडली म्हणून सांगतोय. साध्या स्टँडात तळाची फळी पाईपच्या आत बसवतात, त्यामुळे पुढचा पाईप उंबऱ्यासारखा वर राहतो आणि दर वेळी फिल्टर त्यावरून उचलून काढायला लागतो. आमच्या वेल्डरनं विचारलं, "डबा ओढून काढायचा का उचलून?" ओढून म्हटल्यावर त्यानं फळी पाईपच्या वर टाकली, पुढच्या काठापर्यंत. आता फिल्टर खालच्या प्लॅस्टिक ट्रेसकट सरळ पुढं सरकतो, थेट बादलीजवळ. दीड इंच उंची गेली पण कंबर वाचली.

फळीला प्लायवूड घ्यायचं तर मरीन घ्या, त्यावर आयएस ७१० असा शिक्का असतो, साधं कमर्शियल आयएस ३०३ चं एमआर ग्रेड घेतलं तर पहिल्या पावसाळ्यातच कडा फुगतात. एमडीएफचं तर नावच काढू नका. पाईपची उघडी तोंडं बंद करून घ्यायला विसरायचं नाही, नाहीतर पाणी आत जातं आणि पाईप आतून सडतो, बाहेरून रंग मात्र चकाचक. रंग म्हणाल तर रेड ऑक्साईडचे दोन हात आणि वर काळा इनॅमल. पावडर कोटिंग पण करून मिळतं पण आमच्या घाईत ते बसत नव्हतं.

वेल्डिंग बघायला मी मुद्दाम थांबलो होतो. तो आधी नुसते टॅक मारतो, चारी कोपऱ्यांना एकेक ठिपका, मग टेप घेऊन चौकटीचे दोन्ही कर्ण मोजतो. एक कर्ण जरा लांब आला. पोऱ्याला कानडीत म्हणाला, "स्वल्प म्याल एत्तो," जरा वर उचल, त्यानं कोपरा उचलला, ह्यानं हातोडीची एक टिचकी मारली, "साकु साकु," म्हणजे बास बास, परत टेप, आता दोन्ही सारखे. मग गुण्या लावून पाय. फुल वेल्डिंग सगळ्यात शेवटी आणि ते पण समोरासमोरच्या कोपऱ्यांना आळीपाळीनं, कारण एकाच बाजूला गरम करत गेलं की लोखंड ओढतं आणि चौकट पिळते. पिळलेल्या चौकटीवर काच ठेवली तर तीन कोपरे टेकतात आणि चौथा अधांतरी, आणि काचेला तेवढं कारण पुरतं.

एक मित्र मागं लागला होता की एवढं करतोयस तर संपच कर, खाली दुसरी टाकी ठेव. संपला माझा विरोध नाही, मीडिया भरपूर बसतो आणि साफ करायला तर एकदम सोपा. पण पावसाळ्यात आपल्याकडे वीज किती वेळा जाते ते बघा. वीज गेली की कॅनिस्टर जागच्या जागी थांबतो, बंद चक्र, कुठलं पाणी कुठंच जात नाही. संपमधे वरच्या टाकीचं पाणी ओव्हरफ्लोच्या पातळीपर्यंत खाली उतरतं. आमच्या टाकीचं एक इंच पाणी म्हणजे साडेदहा लिटर, दोन इंच उतरलं तर एकवीस लिटर, तेवढी जागा संपमधे कायम मोकळी ठेवायला पाहिजे, आणि परतीच्या पाईपला पाण्याच्या पातळीला लागून छोटं भोक पाहिजे नाहीतर तो पण उलटा सायफन चालू करतो. वर काचेला भोक पाडायचं काम वेगळंच, टफन्ड काच असेल तर ते पण नाही, भोक पाडायला गेलं की चुरा. कॅनिस्टरला पण वीज जाण्याचा त्रास आहेच, बंद डब्यातला ऑक्सिजन संपतो आणि जास्त वेळ गेला तर जिवाणू मरायला लागतात, म्हणून लांब वेळ वीज गेली तर मी फिल्टर उघडून, मीडिया टाकीच्या पाण्यात खळबळून मगच परत चालू करतो.

टाकी हलवायच्या दिवशी पाणी हाच मोठा प्रश्न. भरलेली टाकी उचलायची नाही, अर्धी भरलेली पण नाही, वाळूसकट रिकामी करायची. जुनं पाणी जमेल तेवढं बॅरलमधे काढलं, मासे त्यातच, एअर पंप लावून. मीडिया त्याच पाण्यात बुडवून ठेवला, सुकू दिला नाही. राकसकोप-हिडकल धरणांचं नळाचं पाणी क्लोरीन मारून येतं, त्यात मीडिया धुतला तर जिवाणू गेलेच म्हणून समजा. वरची भर परसातल्या आडाच्या पाण्यानं केली, तो एक फायदा जुन्या घराचा. जुन्या घराचा तोटा म्हणजे फरशी. शहाबादी, चढउतार असलेली. गवंडी वापरतात ती पाण्याची लेव्हल नळी लावून चारी पाय बघितले, तर भिंतीकडची बाजू चांगली पाव इंच खाली. पायांना बोल्ट लावलेत ते ह्यासाठीच, फिरवून वर घेतले. वरच्या फळीवर थर्माकोल, त्यावर टाकी, भाचा आणि त्याचे दोन मित्र उचलायला. माळ्यावर ठेवायची म्हणून भाच्यानं आधी लई हट्ट केला होता, त्याच्या खोलीत. लाकडी तुळयांवर अडीचशे किलो मी ठेवणार नाही.

भिंत आणि स्टँडमधे चार इंच सोडलेत, नळ्यांसाठी. विजेचा बोर्ड आत वरच्या कोपऱ्यात, आणि प्रत्येक वायर बोर्डच्या खाली लोंबून मग वर गेलीय, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी खालीच टिपकतं, सॉकेटमधे जात नाही. स्टँडची मागची बाजू उघडीच ठेवणार, ओल कोंडायला नको.

पुढची दारं अजून व्हायची आहेत. सुतार म्हणतोय गणपती झाल्यावर येतो, गणपती झाल्यावर दसरा म्हणेल. तोवर आईनं जुन्या साडीचा पडदा लावलाय आणि तो काय वाईट दिसत नाही, फक्त पोरगं त्याच्या मागं जाऊन बसतंय. जुन्या स्टँडचे गंजलेले पाय वेल्डरनं कापून दिले, आता ते स्टँड परसात आडाशेजारी कुंड्या घेऊन उभं आहे.